गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कार्ट्रिजमधला सेव्ह वारंवार उडतो: सेल संपला आहे की कार्ट्रिजच बनावट आहे?

निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी आलेल्या पोकेमॉन रुबी, सफायर, फायररेड, लीफग्रीन किंवा एमरल्ड यांपैकी एखाद्या खेळाचे जुने कार्ट्रिज विकत घेतले जाते, काही दिवस खेळ सुरळीत चालतो, आणि मग यंत्र सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर ‘न्यू गेम’ एवढाच पर्याय उरलेला दिसतो, म्हणजे सेव्ह, अर्थात खेळाची साठवलेली प्रगती, उडालेली असते. पुन्हा पहिल्यापासून खेळावे, तर काही काळाने तेच घडते. विक्रेत्याला विचारले असता बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: “माल ओरिजिनल आहे, फक्त आतला सेल गेलाय, बदलून घ्या.” हे उत्तर ऐकून अनेक जण सेल बदलण्यासाठी कार्ट्रिज उघडतात, सोल्डरिंग करतात, क्वचित बोर्डही खराब करून बसतात, आणि सेव्ह उडण्याचा प्रकार मात्र तसाच चालू राहतो. या पाच खेळांपुरते बोलायचे तर सेल संपल्यामुळे अस्सल कार्ट्रिजमधला सेव्ह कधीही जात नाही. त्यामुळे सेव्ह वारंवार उडत असेल तर सेलकडे वळण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: पिना स्वच्छ आहेत का, आणि कार्ट्रिज अस्सल आहे का.

सेलचा हा समज निराधार नाही; तो आधीच्या पिढीतून आलेला आहे. मूळ गेम बॉय आणि गेम बॉय कलरसाठी आलेल्या गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या खेळांत सेव्ह एसरॅम नावाच्या स्मृतीत राहत असे. वीज असेपर्यंतच तिच्यातली माहिती टिकते, म्हणून यंत्र बंद असताना कार्ट्रिजमधला सीआर २०२५ हा बटन सेल तिला वीज पुरवत राहतो. हाच सेल त्या खेळांतले घड्याळही चालवतो. असा सेल संपला की सेव्ह जातो, आणि तिथे “सेल बदला” हा सल्ला अगदी योग्य ठरतो.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या पिढीत मात्र ही रचना बदलली. रुबी आणि सफायर जपानमध्ये २००२ च्या नोव्हेंबरात आणि उत्तर अमेरिकेत २००३ च्या मार्चमध्ये आले. फायररेड आणि लीफग्रीन २००४ मध्ये. एमरल्ड जपानमध्ये २००४ च्या सप्टेंबरात आणि उत्तर अमेरिकेत २००५ च्या मे महिन्यात. या पाचही खेळांच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी १२८ किलोबाइटची स्वतंत्र फ्लॅश चिप असते, आणि फ्लॅशमधली माहिती टिकण्यासाठी विजेची गरज नसते. रुबी, सफायर आणि एमरल्डमध्ये सीआर १६१६ हा सेल असतो खरा, पण तो केवळ घड्याळासाठी. तो संपला तर बेरीची झाडे वाढत नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते, वेळेवर अवलंबून असलेल्या इतर घटना होत नाहीत. सेव्ह मात्र जागच्या जागी राहतो. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये घड्याळच नाही, त्यामुळे सेलही नाही. म्हणून फायररेडचा विक्रेता जेव्हा सेल संपल्याचे सांगतो, तेव्हा त्याला ठाऊक असो वा नसो, कार्ट्रिज बनावट असल्याचेच तो सांगत असतो.

पडद्यावरचे संदेश काय सांगतात

सेव्ह बिघडला की हे खेळ वेगवेगळे संदेश दाखवतात, आणि त्यांतला फरक लक्षात घेतला तर निम्मे निदान तिथेच होते. पहिला संदेश असा की आतली बॅटरी संपली आहे, खेळ खेळता येईल, पण घड्याळावर आधारित घटना यापुढे होणार नाहीत. हा संदेश रुबी, सफायर आणि एमरल्डच्या अस्सल कार्ट्रिजवर आज सर्रास दिसतो, कारण त्यांतले सेल वीस वर्षांचे झाले आहेत. त्यावरून कोणी कार्ट्रिजला बनावट ठरवू नये. पण पुष्कळ बनावट कार्ट्रिजमध्ये घड्याळाची चिपच बसवलेली नसते, आणि तिथे हाच संदेश पहिल्या दिवसापासून दिसतो. त्यामुळे हा संदेश एकटा काहीच सिद्ध करत नाही. कार्ट्रिज ‘नवे, न वापरलेले’ म्हणून विकले गेले असेल, पारदर्शक कवचातून आत सेल दिसत नसेल आणि तरीही हा संदेश येत असेल, तर मात्र संशयाला भक्कम आधार मिळतो.

दुसरा संदेश सांगतो की सेव्ह फाइल खराब झाली असून आधीची सेव्ह फाइल उघडली जाईल. हा खेळ एकाआड एक दोन जागांवर सेव्ह लिहितो, म्हणजे ताजा सेव्ह लिहिताना वीज गेली तरी त्याच्या आधीचा शाबूत राहावा. सेव्ह होत असताना कोणी बटण बंद केले तर अस्सल कार्ट्रिजवरही हा संदेश एखाद्या वेळी येऊ शकतो. तो वारंवार येऊ लागला तर चिंता करावी.

तिसरा संदेश सर्वांत गंभीर असतो. ‘वन एम’ उपबोर्ड बसवलेला नाही, असे तो सांगतो. येथे ‘वन एम’ म्हणजे एक मेगाबिट, म्हणजेच तीच १२८ किलोबाइटची फ्लॅश चिप. सुरुवातीला खेळ या चिपला तिची ओळख विचारतो आणि अपेक्षित उत्तर आले नाही तर हा संदेश दाखवतो. बनावट कार्ट्रिजमध्ये ती चिप नसतेच, हे याचे एक कारण. दुसरे कारण निरुपद्रवी आहे, आणि ते आधी दूर करायला हवे.

आधी पिना स्वच्छ करा

गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजला ३२ पिना असतात. खेळ ज्या चिपमध्ये असतो तिला जागे करणारी पिन पाचवी, तर सेव्हच्या चिपला जागे करणारी पिन तिसावी, कडेच्या अगदी जवळची. ही एक पिन काळी पडली तर खेळ उत्तम चालतो, चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ येतात, पण सेव्ह सापडत नाही. “खेळ तर नीट चालतो, मग पिना खराब कशा असतील?” असा प्रश्न नेहमी येतो, त्याचे उत्तर हे आहे.

कापूस लावलेली काडी ९० टक्के किंवा अधिक शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पिनांच्या लांबीच्या दिशेने फिरवावी, कापूस काळा येणे थांबेपर्यंत नवी काडी घ्यावी, आणि पूर्ण सुकल्यावरच कार्ट्रिज यंत्रात घालावे. फुंकर मारू नये. श्वासातला ओलावा धातूवर बसतो आणि पिना आणखी लवकर काळवंडतात. यंत्राच्या खाचेतही हीच घाण जमते, म्हणून शक्य असल्यास दुसऱ्या यंत्रात कार्ट्रिज लावून पाहावे. निन्टेन्डो डीएस आणि डीएस लाइट या दोन्हींत ही कार्ट्रिज चालतात. डीएस लाइटमध्ये कार्ट्रिजचा थोडा भाग बाहेर राहतो. ती त्या यंत्राची रचना आहे, कार्ट्रिजचा दोष नाही.

स्वच्छतेनंतर गेलेला सेव्ह परत दिसू लागला तर प्रश्न तिथेच सुटला. सेव्ह पुन्हा उडाला तर पुढे वाचावे.

बनावट कार्ट्रिज सेव्ह कसा ठेवते आणि तो का उडतो

बनावट कार्ट्रिज बनवणाऱ्याला मूळ खेळाची नक्कल सहज मिळते. १६ मेगाबाइटचा तो मजकूर पुन्हा लिहिता येणाऱ्या एखाद्या स्वस्त चिपवर उतरवला की खेळ सुरू होतो. खर्च वाचवण्याची जागा म्हणजे सेव्हची चिप. स्वतंत्र फ्लॅश चिप बसवण्याऐवजी खेळाच्या मजकुरात फेरफार करून सेव्ह एसरॅमवर लिहायला लावला जातो. मग कुठे त्या एसरॅमसाठी एक सेल बसवलेला असतो आणि तो संपला किंवा त्याचा सोल्डरिंगचा सांधा सैल झाला की सेव्ह जातो. कुठे सेलही नसतो, आणि सेव्ह केल्यानंतर एसरॅममधली माहिती खेळाच्याच चिपवरच्या मोकळ्या जागेत उतरवली जाते. या दुसऱ्या प्रकारात ती नक्कल पूर्ण होण्याआधी यंत्र बंद केले तर पडद्यावर सेव्ह झाल्याचा संदेश येऊनही प्रत्यक्षात काहीच उरत नाही. म्हणूनच अशा कार्ट्रिजचे मालक सांगतात की सेव्ह कधी राहतो, कधी राहत नाही, आणि त्यात काही नियम सापडत नाही.

नियम आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. यंत्राला सेव्हची चिप एका वेळी केवळ ६४ किलोबाइटच्या खिडकीतून दिसते. १२८ किलोबाइट वापरायचे तर खेळाला चिपला सांगावे लागते की आता पहिला अर्धा भाग दाखव, आता दुसरा. हे सगळे क्षेत्र चार-चार किलोबाइटच्या ३२ कप्प्यांत विभागलेले असते. पहिले १४ कप्पे एका सेव्हसाठी, पुढचे १४ दुसऱ्या सेव्हसाठी, आणि त्यानंतरचे दोन ‘हॉल ऑफ फेम’साठी, म्हणजे एलिट फोर आणि चॅम्पियन या शेवटच्या प्रतिस्पर्ध्यांना हरवल्यावर जो विजयी संघ नोंदवला जातो त्याच्यासाठी. पहिला सेव्ह संपूर्णपणे पहिल्या अर्ध्या भागात मावतो. दुसऱ्या सेव्हचे दोन कप्पे पहिल्या भागात आणि बारा दुसऱ्या भागात येतात. हॉल ऑफ फेम पूर्णपणे दुसऱ्या भागात.

आता एखाद्या बनावट कार्ट्रिजवर ६४ किलोबाइटच जागा आहे आणि भाग बदलण्याची सोय नाही, असे समजा. दुसऱ्या भागासाठी लिहिलेली माहिती जागा नसल्यामुळे पहिल्याच भागावर जाऊन पडते. दुसरा सेव्ह लिहिताना पहिला पुसला जातो. तरी ताजा सेव्ह शाबूत असल्यामुळे खेळाडूला काहीच जाणवत नाही, फक्त संकटकाळी उपयोगी पडणारी जुनी प्रत कधीच शिल्लक नसते. आणि ज्या दिवशी हॉल ऑफ फेमची नोंद होते त्या दिवशी तिचे दोन कप्पे पहिल्या सेव्हच्या शेवटच्या दोन कप्प्यांवर बसतात. त्या क्षणी चालू सेव्ह पहिल्या जागेवर असेल तर तो नासतो. दुसऱ्या जागेवर असेल तर वाचतो. कित्येक तास खेळून चॅम्पियनला हरवल्यावर, श्रेयनामावली संपून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सगळे नाहीसे झाल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांमागे असा हिशेब असू शकतो. एकाचे कार्ट्रिज तिथे बुडते आणि तशाच दुसऱ्याचे तरते, यातही गूढ काही नाही. “मी तर हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचलो, माझे ओरिजिनलच असणार” हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

या फेरफाराची एक खूण खेळतानाही दिसते. फ्लॅश चिपवर लिहायला वेळ लागतो, त्यामुळे अस्सल कार्ट्रिजवर सेव्ह होताना यंत्र बंद न करण्याची सूचना काही सेकंद पडद्यावर राहते. एसरॅमवर वळवलेला सेव्ह बराच झटपट होतो. दोन कार्ट्रिज शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक डोळ्यांना कळतो.

बाहेरून पाहताना

विकत घेण्याआधी कार्ट्रिज उघडून पाहण्याची मुभा क्वचितच मिळते, म्हणून बाहेरच्या खुणा माहीत असाव्यात. पण त्यांच्यावर किती विसंबावे याचीही जाण हवी. माझ्या मते लेबल हा सर्वांत दुबळा पुरावा आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक खरेदीदार तिथेच थांबतात. उत्तर अमेरिकेच्या एमरल्डच्या लेबलवर एजीबी-बीपीईई-यूएसए हा संकेत छापलेला असतो. फायररेडचे चार अक्षरी चिन्ह बीपीआरई, लीफग्रीनचे बीपीजीई, रुबीचे एएक्सव्हीई आणि सफायरचे एएक्सपीई. दुसऱ्याच खेळाचा संकेत, अक्षरांतली चूक, चित्राचा कापलेला कडेचा भाग, फिकट किंवा भडक रंग यांपैकी काही दिसले तर प्रश्न संपला. अस्सल लेबलवर कारखान्यात दाबून उमटवलेला दोन अंकी आकडा असतो, कधी त्यापुढे एखादे अक्षरही. तो शाईचा नसून कागदात खोल उमटलेला असतो, आणि लेबल तिरक्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. हा आकडा नसणे ही वाईट खूण आहे. पण आकडा असणे ही खात्री नव्हे, कारण तो दाबून उमटवणे नक्कल करणाऱ्यालाही जमते.

कवचाकडे पाहताना रंगापेक्षा घडणीकडे लक्ष द्यावे. रुबी, सफायर आणि एमरल्डची अस्सल कवचे आरपार दिसणाऱ्या लाल, निळ्या आणि हिरव्या प्लास्टिकची असतात, आणि प्रकाशासमोर धरल्यास सेलची गोल आकृती दिसते. वरच्या बाजूची ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ ही अक्षरे रेखीव आणि एकसारख्या जाडीची हवीत. मागच्या बाजूला एजीबी-००२ हा मॉडेल क्रमांक असतो. तिथला स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेचा असतो. साधा फुलीचा स्क्रू दिसला तर एक तर कार्ट्रिज बनावट आहे किंवा कोणीतरी आधी उघडून स्क्रू बदलला आहे, आणि दोन्ही बाबतींत आत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एक खूण मात्र कार्ट्रिज न उघडता पाहता येते आणि ती लेबलपेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहे. कार्ट्रिजचे तोंड आपल्याकडे करून, थोडे तिरके धरून पिनांच्या वर बोर्डावर पाहावे. अस्सल बोर्डावर तिथे ‘निन्टेन्डो’ ही अक्षरे दिसतात. ती नसतील तर मी ते कार्ट्रिज अस्सल मानणार नाही. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याकडून याच कोनातला, पिनांच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागावा. प्रामाणिक विक्रेता तो काढून पाठवतो. फोटो टाळणारा, किंवा इंटरनेटवरून घेतलेले गुळगुळीत चित्र लावणारा विक्रेता कितीही स्वस्तात देत असला तरी सोडून द्यावा.

उघडून पाहताना

कार्ट्रिज आपलेच असेल तर उघडण्यास हरकत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या किटमध्ये वाय आकाराची टोके मिळतात, पण आयफोनसाठीचे बारीक टोक इथे चालत नाही. ते स्क्रूची खाच झिजवते. योग्य मापाचे टोक घ्यावे आणि जोर न लावता फिरवावे.

अस्सल एमरल्डच्या बोर्डावर वेगवेगळ्या चिपा नीट ओळखता येतात: खेळाची मोठी चिप, सेव्हची फ्लॅश चिप, घड्याळाची लहान चिप, तिच्या जोडीला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्वार्ट्झ, आणि धातूच्या पट्ट्यांनी जोडलेला सीआर १६१६ सेल. बोर्डावर निन्टेन्डोचे नाव आणि एजीबीने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. या सगळ्याच्या जागी इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट पदार्थाचा एक काळा, गुळगुळीत थेंब दिसला, हाताने केलेले जाडेभरडे सोल्डरिंग दिसले, चिपवरची अक्षरे घासून पुसलेली दिसली, किंवा बोर्डावर सेलसाठी आखलेल्या जागेवर सेलच नसला, तर पुढच्या तपासणीची गरज नाही. फायररेड किंवा लीफग्रीनच्या बोर्डावर सेल दिसला तरी निकाल तोच. मात्र हा नियम प्रत्येक खेळाला लावू नये. गेम बॉय ॲडव्हान्सच्याच काही अस्सल खेळांत, उदाहरणार्थ फायर एम्ब्लेममध्ये, सेव्ह एसरॅमवर असतो आणि त्यासाठी सेल असतो. प्रत्येक खेळाची सेव्हची पद्धत आधी जाणून घ्यावी, मग बोर्ड पाहावा.

शंका उरलीच तर

ज्यांच्याकडे निन्टेन्डो डीएस किंवा डीएस लाइट आणि डायमंड, पर्ल यांसारखा चौथ्या पिढीचा पोकेमॉन खेळ आहे, त्यांच्याकडे एक उत्तम चाचणी आहे. त्या खेळांतल्या पाल पार्कमध्ये खालच्या खाचेत घातलेल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजमधून पोकेमॉन आणता येतात. हे करताना डीएसचा खेळ त्या कार्ट्रिजच्या फ्लॅश चिपशी स्वतः बोलतो, तिथले पोकेमॉन वाचतो आणि नेलेले पोकेमॉन तिथून पुसतो. बनावट कार्ट्रिजच्या मजकुरात केलेला फेरफार इथे कामाला येत नाही, कारण तो मजकूर चालतच नसतो. त्यामुळे एरवी बिनबोभाट चालणारी बनावट कार्ट्रिज इथे नेमकी अडतात. दोन्ही खेळ एकाच भाषेचे असावे लागतात, हे विसरू नये. जपानी एमरल्ड आणि इंग्रजी डायमंड जुळले नाहीत म्हणून कार्ट्रिजला दोष देऊ नये. दोन यंत्रे जोडणाऱ्या लिंक केबलने होणारी पोकेमॉनची अदलाबदल मात्र पुरावा म्हणून धरू नये, कारण ती खेळाच्या स्वतःच्या मजकुरावर चालते आणि बनावट कार्ट्रिजवरही बहुधा नीट होते.

संगणकाला जोडण्याचे कार्ट्रिज वाचक यंत्र मिळते. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हे त्यांपैकी एक, आणि त्यासोबत फ्लॅशजीबीएक्स ही प्रणाली वापरली जाते. कार्ट्रिजमधला पूर्ण खेळ संगणकावर उतरवून त्याची तपासणी-बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) नो-इन्ट्रो या अस्सल खेळांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या सूचीतल्या नोंदीशी ताडून पाहता येते. सेव्हसाठी फेरफार केलेला खेळ इथे जुळत नाही. रुबी, सफायर, फायररेड आणि लीफग्रीनच्या एकाहून अधिक सुधारित आवृत्त्या निघाल्या होत्या, म्हणून सर्व आवृत्त्यांच्या नोंदी पाहूनच निष्कर्ष काढावा. खेळाच्या सुरुवातीला नोंदलेले नाव आणि चार अक्षरी चिन्ह बरोबर आले, एवढ्यावर समाधान मानू नये. नक्कल करताना तेही जसेच्या तसे येते. यंत्र सुरू होताना दिसणारे निन्टेन्डोचे बोधचिन्हही असेच निरुपयोगी आहे, कारण त्याशिवाय यंत्र कोणतेच कार्ट्रिज चालू करत नाही.

अस्सल कार्ट्रिजवर अन्याय होऊ नये म्हणून

संशय वाढला की उलट दिशेने चूक होते, आणि चांगली कार्ट्रिज कवडीमोलाने विकली जातात. रुबी आणि सफायरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत घड्याळाच्या हिशेबात एक दोष आहे: घड्याळ सुमारे वर्षभर चालल्यावर बेरींची वाढ दीर्घकाळ थांबते, सेल चांगला असला तरी. हा दोष निन्टेन्डोच्याच आवृत्तीतला आहे आणि फायररेड, लीफग्रीन किंवा एमरल्डशी जोडून तो दुरुस्त करता येतो. तसेच एमरल्डचा सेल बदलल्यावर घड्याळ जुन्या तारखेवरून पुन्हा सुरू होते, आणि सेव्हमध्ये नोंदलेली वेळ गाठेपर्यंत बेरी हलत नाहीत. सेल बदलूनही काही घडले नाही म्हणून ते कार्ट्रिज बनावट ठरत नाही. सेल बदलायचाच असेल तर आधीपासून पट्ट्या लावलेला सीआर १६१६ घ्यावा; उघड्या सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नये, तो तापून फुटू शकतो. फ्लॅशमधला सेव्ह सेल काढल्याने जात नाही, त्यामुळे त्याची धास्ती नको.

बनावट निघाले तर पुढे काय

आधी सेव्ह वाचवावा, मग विक्रेत्याशी बोलावे. कार्ट्रिज वाचक यंत्र असेल तर सेव्हची प्रत संगणकावर काढून घ्यावी. १२८ किलोबाइटची ती फाइल अनेकदा त्याच खेळाच्या अस्सल कार्ट्रिजवर उतरवता येते. यंत्र नसेल तर लिंक केबल आणि दुसरे कार्ट्रिज लागते. रुबी, सफायर आणि एमरल्ड यांच्यात आपसात अदलाबदल बरीच लवकर सुरू होते. फायररेड किंवा लीफग्रीनमधून त्यांच्याकडे पोकेमॉन पाठवायचे तर मात्र खेळातल्या सेव्ही बेटांवरचे नेटवर्क मशीन दुरुस्त करण्याचे काम पूर्ण करावे लागते, आणि ते हॉल ऑफ फेमनंतरच होते. बनावट कार्ट्रिज दगा देण्याची शक्यता वाढते ती नेमकी याच टप्प्यावर. म्हणून फायररेडच्या बाबतीत संशय येताच, शेवटच्या लढतीची वाट न पाहता, दुसऱ्या फायररेड किंवा लीफग्रीनवर प्रिय पोकेमॉन हलवून ठेवावेत.

बनावट कार्ट्रिजवर नवा सेल बसवून किंवा बोर्ड बदलून ते भरवशाचे होईल, अशी आशा मी कोणाला देणार नाही. ६४ किलोबाइटची जागा सेल बदलल्याने १२८ होत नाही. पैसे परत मिळवण्यासाठी पिनांच्या बाजूचा आणि उघडलेल्या बोर्डाचा फोटो पुरेसा पुरावा असतो. जाहिरातीत ‘ओरिजिनल’ किंवा ‘अस्सल’ असे लिहिले असल्यास त्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावा, कारण तक्रार होताच मजकूर बदलला जातो. कार्ट्रिज परत पाठवायचे नसेल तर निदान ते अस्सल म्हणून पुढे विकू नये. जे विक्रेते स्वतःहून पुनर्निर्मित प्रत असे स्पष्ट लिहून विकतात त्यांची गोष्ट वेगळी; तिथे घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असते.

आपल्याकडे हा संशय घ्यायची सवय कमी आहे, याला कारण आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीला जोडून खेळलेल्या ६० पिनांच्या कॅसेट, त्यांतही एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे सांगणाऱ्या, बहुतेक नकलीच होत्या, आणि त्यांत सेव्ह करण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे कोणाचे नुकसानही झाले नाही. पोकेमॉनचे तसे नाही. इथे खेळाडूचे तासन्‌तास त्या १२८ किलोबाइटमध्ये साठलेले असतात. परदेशातल्या नातेवाइकांकरवी किंवा ऑनलाइन मागवताना म्हणूनच विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचे नाव दिसते का, उघडलेल्या बोर्डाचा फोटो मिळेल का, आणि बनावट निघाल्यास परतावा मिळेल का. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या नातेवाइकाला दुकानात पाठवणार असाल तर त्याला मोबाइलवर अस्सल बोर्डाचा फोटो आधीच पाठवून ठेवावा, म्हणजे काउंटरवर उभे राहूनच त्याला ताडून पाहता येईल.